वजनदार गाडी उतारावर जास्त पळते का?

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडून बोरघाट उतरू लागली की वाटेत अशा जागी थांबते, जिथे ना फलाट असतो ना कुणाला चढायचे-उतरायचे असते. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटते, सिग्नल मिळाला नसेल. खरे तर तो थांबा सक्तीचा असतो. तिथे मुख्य मार्गातून एक रूळ फुटतो, डोंगराकडे चढत जातो आणि चढावरच संपतो. रेल्वेतले लोक त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधे एरवी त्या चढत्या रुळाकडेच लावून ठेवलेले असतात. गाडी ताब्यात आहे हे ड्रायव्हरने थांबून दाखवले की मगच पुढचा मार्ग मिळतो. जिचे ब्रेक निकामी झाले आहेत ती गाडी थांबणार नाही, म्हणजे आपोआप चढावर जाईल आणि तिचा वेग तिथे जिरेल.

हा चढ किती उंच हवा? ताशी ६० किलोमीटर वेगाने आलेली गाडी ब्रेक न लावता सुमारे १४ मीटर उंची चढली की थांबते. हा आकडा काढायला वेग लागतो आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण लागते. गाडीचे वजन लागतच नाही. रिकामे डबे असोत की धान्याने भरलेली मालगाडी असो, १४ मीटर ते १४ मीटरच. (गाडी लांब असेल तर ही उंची तिच्या मध्यापाशी मोजायची, एवढेच.)

आता हेच घाटातल्या एखाद्या ट्रकवाल्याला सांगून पाहा. तो हसेल. भरलेली गाडी उतारावर मागून ढकलते आणि रिकामी निमूट उतरते, हा त्याचा रोजचा अनुभव आहे. त्याचे खरे मानायचे तर पुस्तक खोटे ठरते आणि पुस्तकाचे खरे मानायचे तर त्याचा सगळा अनुभव खोटा. माझ्या मते दोघेही बरोबर आहेत. उतारावरच्या गाडीवर काम करणाऱ्या काही गोष्टी वजनाबरोबर वाढतात आणि काही वाढत नाहीत. कोणती कशात मोडते हे पाहिले की भांडण मिटते.

आधी ज्या वाढतात त्या पाहू.

बोरघाटातला लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६३मध्ये खुला केला. त्याचा सर्वांत तीव्र उतार सदतिसास एक आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर खाली येते. डोळ्यांना हा उतार किरकोळ वाटतो. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीचा मार्ग तर विसास एक इतका तीव्र आहे. पण ३७च्या या उतारावर मोकळी सुटलेली गाडी पहिल्या किलोमीटरच्या शेवटी ताशी ७५ ते ८० किलोमीटर वेग गाठते. कर्जत ते लोणावळा हा पट्टा २८ किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे चिंता करायला पुष्कळ जागा आहे. आणि हे गणित करतानाही डबे किती टनांचे आहेत ते कुठे विचारावे लागले नाही.

कारण असे. सदतिसास एक उतारावर गाडीच्या वजनाचा साधारण सदतिसावा हिस्सा तिला खाली ओढत असतो. वजन दुप्पट केले की ही ओढ दुप्पट होते. पण दुप्पट वजनाची गाडी हलवणेही दुप्पट जड असते. हलायला कुरकुर करण्याचा जो गुण पदार्थात असतो, तोही त्याच मापाने वाढतो. ओढ दुप्पट, कुरकुर दुप्पट, वेगवाढ तेवढीच. (शास्त्रात वस्तुमान वेगळे आणि वजन वेगळे. आपण सगळे एकाच पृथ्वीवर असल्याने या लेखापुरते 'वजन' म्हटले तरी चालेल.)

मग घर्षण? जड गाडीला घर्षण जास्त, म्हणून ती हळू जाईल, असे शाळकरी उत्तर लगेच येते. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. जड गाडीला घर्षण जास्तच असते. फ्रान्समध्ये गिलोम आमोंतों यांनी १६९९मध्ये मांडले की घर्षण हे एकमेकांवर दाबल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवरच्या भाराच्या प्रमाणात असते. पुढे कुलोंब यांनी १७८१च्या सुमारास त्याची कसोशीने तपासणी केली. म्हणजे भार दुप्पट झाला की घर्षणही दुप्पट होते. पण पुढे नेणारी ओढही दुप्पट झालेली असतेच. इथेही वजन वजनाला खाऊन टाकते. घर्षणाने गाडी हळू होते हे खरे. पण जड आणि हलकी दोन्ही सारख्याच हळू होतात.

हे पहिल्यांदा नीट पाहिले गॅलिलिओने. जड वस्तू लवकर पडते असे ॲरिस्टॉटलपासून लोक मानत आले होते. सरळ खाली पडणारी वस्तू इतक्या झटकन जमिनीवर येते की त्या काळच्या साधनांनी तिचा वेळ मोजणे अशक्य होते. म्हणून गॅलिलिओने पडणेच सावकाश केले, म्हणजे उतार वापरला. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत बोटभर रुंदीची पन्हळ कोरली, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावले आणि तुळई एका बाजूने उचलून तिच्यातून काशाची टणक गोळी सोडली. घड्याळ म्हणून पाण्याचे मोठे भांडे होते. त्याच्या तळाच्या बारीक नळीतून पाणी पेल्यात जमायचे आणि ते पाणी तराजूत तोलून वेळ ठरायचा. १६३८मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात तो सांगतो की असे प्रयोग शंभर शंभर वेळा करूनही अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणातच येत राहिले. दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट.

गॅलिलिओच्या गोळीत मात्र एक मेख होती. ती त्याच्या नियमाला बाधली नाही आणि त्याच्या काळात कुणाला उकललीही नाही. ती गोळी घसरत नव्हती, लोळत होती. घसरणारी वस्तू आणि लोळणारी वस्तू यांत मोठा फरक पडतो. आपल्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

समजा उतारावर अजिबात घर्षण नाही. त्यावर चाक ठेवले तर काय होईल? ते फिरणारच नाही. जसे ठेवले तसेच, एकही गिरकी न घेता, घसरत खाली येईल. चाकाला फिरवते ते घर्षणच. चाकाचा जो बिंदू जमिनीला टेकलेला असतो त्याला घर्षण धरून ठेवते, म्हणून बाकीचे चाक त्याच्यावरून पुढे लोटते. आणि घर्षण नसलेल्या उतारावर घसरणारे चाक हे लोळणाऱ्या चाकापेक्षा आधी तळाशी पोचते. कारण उंचीवरून मिळालेली ऊर्जा लोळणाऱ्या चाकाला दोन कामांत वाटावी लागते, पुढे जाणे आणि गरगर फिरणे. घसरणाऱ्याची सगळी ऊर्जा पुढे जाण्यातच लागते.

ही वाटणी कशी होते ते वजन भरलेय कुठे यावर ठरते, वजन किती यावर नाही. भरीव गोळा घसरणीच्या मानाने पाच सप्तमांश वेगवाढ मिळवतो, भरीव लाटण्यासारखा दंडगोल दोन तृतीयांश, आणि ज्याचे सगळे वजन कडेला आहे असे कडे फक्त निम्मी. लोखंडी कडे असो की बांबूचे, सायकलची रिम असो की बांगडी, निम्मी म्हणजे निम्मीच. तळाशी पोचण्याचा क्रम दरवेळी ठरलेला असतो: गोळा, मग लाटणे, मग कडे. मुलांना पैज लावून हा प्रयोग दाखवा. जड लोखंडी कडे आणि काचेची हलकी गोटी यांत बहुतेक मुले कड्यावर पैसे लावतात.

याहून गमतीचा प्रयोग थंडीच्या दिवसांत घरी करता येतो. सारख्याच दोन बाटल्या घ्या, दोन्हींत सारख्याच वजनाचे तूप काठोकाठ भरा. एक बाटली थिजू द्या, दुसरी कोमट पाण्यात ठेवून तूप पातळ करा. झाकणे घट्ट लावून, बाहेरून पुसून, दोन्ही आडव्या करून एकाच पाटावरून सोडा. वजन तेच, आकार तोच, पाट तोच. तरी पातळ तुपाची बाटली पुढे जाते. थिजलेले तूप बाटलीबरोबर पूर्ण फिरते, त्याला फिरवण्यात ऊर्जा जाते. पातळ तूप आत जवळजवळ जागच्या जागी राहते आणि बाटलीचे कवचच त्याच्याभोवती फिरते. तूप चिकट असल्याने कडेचा थर थोडा ओढला जातो, पाण्याने हा फरक आणखी स्वच्छ दिसेल. पण पाणी थिजवायचे तर ते फुगते, बाटली तडकण्याची भीती. तुपाचे बरे. फुटली नाही तर तूप वायाही जात नाही.

चाक फिरवणारे हे घर्षण ऊर्जा खात नाही, ती फक्त पुढे जाण्याकडून फिरण्याकडे वळवते. ऊर्जा खरोखर गिळणारे घर्षण वेगळे. त्याचे एक घर चाकाच्या आसापाशी असते, दुसरे चाक आणि जमीन टेकतात तिथे.

आसापाशी लोखंडावर लोखंड घासते. पण तिथे चाकाची युक्ती कामाला येते. बैलगाडीचे जुने चाक माणसाच्या छातीपर्यंत येणारे, आणि आस मनगटाहूनही बारीक. चाक एक फेरी पुरी करते तेव्हा गाडी चार-साडेचार मीटर पुढे जाते, पण आसापाशी घासाघास होते ती दहा-बारा सेंटीमीटरचीच. म्हणजे घासण्याचे अंतर पस्तीस-चाळीस पटींनी घटते आणि घर्षणाचा भुर्दंड त्याच पटीने कमी होतो. त्यात वंगण घातले की उरलेलाही निम्म्याहून खाली येतो. चाक मोठे आणि आस बारीक हे सुताराला कुणी सूत्र लिहून शिकवलेले नव्हते.

जमिनीपाशी होणारे नुकसान अधिक हट्टी असते. टायर टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. चपटे होताना घेतलेली सगळी ऊर्जा गोल होताना परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन उडते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला तर चटका बसतो तो यामुळे. हवा कमी असेल तर टायर जास्त चपटा होतो आणि जास्त तापतो. महामार्ग बांधणारे अभियंते या अडथळ्याचा हिशेब दर हजार किलो वजनामागे किती किलोचा विरोध, असा करतात. ट्रकच्या टायरसाठी काँक्रीटवर तो १० किलो धरतात, डांबरी रस्त्यावर १२, सैल वाळूमिश्रित मातीत ३७. पोलादी रुळावर पोलादी चाक असेल तर तो अवघ्या १-२ किलोंवर येतो, कारण पोलाद जवळजवळ चपटे होतच नाही.

या आकड्यांतून लगेच कळते की कोणती गाडी किती उतारावर आपणहून चालू लागेल. काँक्रीटवर न्यूट्रलमध्ये उभा असलेला ट्रक शंभरास एक एवढ्या उतारावर चालू लागेल. रेल्वेचा डबा पाचशेस एक उतारावरही निघतो, आणि तो उतार डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून स्टेशनच्या आवारात चारशेस एकापेक्षा जास्त उतार रेल्वे ठेवू देत नाही आणि नव्या आवारात शक्यतो बाराशेस एक ठेवा असे सांगते. डब्यांना जुन्या पद्धतीच्या बेअरिंगऐवजी रोलर बेअरिंग बसू लागले, आसापाशीचे घर्षण घटले आणि मोकळा डबा आणखी सहज पळू लागला. घर्षण कमी केल्याचा आनंद सगळ्यांना होतो, स्टेशन मास्तराला मात्र त्यासोबत डब्यांना साखळ्या लावण्याचे काम मिळते.

एवढे सगळे झाले तरी वजन अजून कुठेच जिंकलेले नाही. ओढ, कुरकुर, आसाचे घर्षण, टायरचा अडथळा, सगळे वजनाच्या प्रमाणात आणि सगळे एकमेकांत वजा. आता ज्या गोष्टी वजनाकडे ढुंकूनही पाहत नाहीत त्या पाहू.

पहिली हवा. हवेचा अडथळा गाडीची रुंदी-उंची, आकार आणि वेग यांवर ठरतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. आत काय भरले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. रिकामा कंटेनर आणि भरलेला कंटेनर यांना वारा सारखाच अडवतो. पण भरलेल्याला खाली ओढणारा जोर कितीतरी जास्त असतो, त्यामुळे त्याच वाऱ्याचा त्याच्यावर परिणाम कमी. सायकलवाल्यांना हे नेमके ठाऊक असते. घाट चढताना बारीक अंगाचा गडी पुढे आणि उतरताना थोराड गडी पुढे. विसास एक उतारावर पॅडल न मारता सोडल्यास सायकलसह ७० किलोचा स्वार ताशी ३८ किलोमीटरांच्या आसपास स्थिरावेल आणि १०० किलोचा ४३च्या आसपास. थोराड माणूस वाऱ्यालाही थोडा जास्त अडतो, पण त्याचे वजन जितके वाढलेले असते तितकी त्याची छाती रुंद झालेली नसते. म्हणजे 'जड ते जास्त पळते' हे वेग कमी असताना जवळजवळ खोटे आणि वेग वाढेल तसे खरे होत जाते.

दुसरी गोष्ट चाकांची. गाडीत माल भरला तरी चाके तेवढीच राहतात. रिकाम्या गाडीत चाकांचा हिस्सा मोठा, म्हणून त्यांना फिरवण्यात जाणारा वाटाही मोठा. माल भरला की तो वाटा एकूण हिशेबात लहान होतो. फरक थोडाच असतो, पण शर्यतीत थोडाही पुरतो. अमेरिकेत बालवीरांची एक शर्यत असते, पाइनवुड डर्बी. कॅलिफोर्नियात १९५३मध्ये ती सुरू झाली. मुलांनी पाइनच्या ठोकळ्यातून वीतभर गाडी कोरायची, तिला प्लास्टिकची चाके आणि खिळ्यांचे आस लावायचे आणि लाकडी उतारावरून सोडायची. इंजिन नाही, ढकलायचे नाही. वजनाची कमाल मर्यादा ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅम. आणि प्रत्येक जाणता स्पर्धक गाडी पोखरून तिच्यात धातूचे तुकडे घालतो आणि काटा बरोबर ५ औंसांवर आणतो, एक ग्रॅमही कमी नाही. हवा आणि चाके, या दोन्हींचा हिशेब त्यात असतो.

ती मुले आणखी एक चलाखी करतात. वजन गाडीच्या मागच्या भागात ठेवतात. सुरुवातीला गाडी उतारावर उभी असते तेव्हा मागचा भाग वर असतो, म्हणून वजन दोन-तीन सेंटीमीटर जास्त उंचावरून सुरुवात करते आणि सपाटीवर येईपर्यंत तेवढे जास्त उतरते. आसांना ग्रॅफाइटची पूड लावतात, एक चाक जमिनीपासून किंचित उचलून ठेवतात म्हणजे तीनच चाके फिरवावी लागतात. भौतिकशास्त्राचे अर्धे पाठ्यपुस्तक ही दहा वर्षांची मुले एका खेळण्यात भरतात. आपल्याकडच्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत ज्वालामुखीची प्रतिकृती सालोसाल मांडली जाते, त्याऐवजी एखाद्या वर्षी ही शर्यत लावायला काय हरकत आहे?

आता ट्रकवाल्याकडे परत येऊ. त्याचा अनुभव हवेवर आणि चाकांवर थोडाच उभा आहे. त्याला वजन जाणवते ते ब्रेकच्या पॅडलवर. कारण वजनाबरोबर न वाढणारी तिसरी गोष्ट ब्रेक आहे. गाडीला बसवलेले ड्रम आणि लायनर आहेत तेवढेच असतात. पॅडल दाबल्यावर हवेच्या दाबाने जो जोर लागतो तो रिकाम्या गाडीला लागेल तेवढाच भरलेल्या गाडीला लागतो. तोच जोर तिप्पट वजनावर लावला की वेग तिपटीने हळू उतरतो. गाडी मागून ढकलते असे वाटते ते इथे.

आणि जोरापेक्षा मोठा प्रश्न उष्णतेचा आहे. समजा ४० टनांचा ट्रक द्रुतगती मार्गावरच्या घाटासारखा ५०० मीटरचा उतार उतरतो आहे, आणि उतार विसास एक म्हणजे १० किलोमीटर लांब धरू. उंचीवरून त्याला मिळालेली ऊर्जा होते सुमारे १९६ मेगाज्यूल. टायरचा अडथळा त्यातला पाचवा हिस्सा खाईल, हवा थोडा खाईल. तळाशी वेग वाढलेला नको असेल तर उरलेली साधारण १५० मेगाज्यूल कुठे तरी उष्णता होऊनच गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेत पाचशे लिटरच्या टाकीतल्या सगळ्या पाण्याला उकळी येईल. ही सगळी उष्णता नुसत्या ब्रेकवर टाकली आणि सगळ्या ड्रमचे लोखंड मिळून अर्धा टन धरले, तर ते वाटेत निवले नाही असे मानल्यास सहाशे अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात वारा लागून काही उष्णता निघून जाते. तरी लायनर तापले की त्यांची पकड घटते, लोखंडी ड्रम गरम होऊन फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. ड्रायव्हर पॅडल खालपर्यंत दाबतो आणि काहीच होत नाही. वर्तमानपत्रात 'ब्रेक फेल' असे येते. बऱ्याचदा कुठलाही भाग तुटलेला नसतो, फक्त तापलेला असतो. क्षमतेपेक्षा दहा टन जास्त भरले की ही उष्णता चौथाईने वाढते, ड्रम मात्र तेच असतात.

इथे वेग निर्णायक ठरतो. ताशी ४०ने उतरला काय किंवा ८०ने, एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच. पण ४०ने उतरताना ती घालवायला १५ मिनिटे मिळतात, ८०ने साडेसात. दर सेकंदाला दुपटीच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते आणि लोखंडाला निवायला वेळ निम्माच. म्हणून घाटातली वेगमर्यादा वळणांसाठी जेवढी आहे तेवढीच ब्रेकसाठीही आहे.

उष्णतेचा मोठा वाटा इंजिनावर टाकणे हा उपाय जुना आहे. खालच्या गिअरमध्ये उतरले की चाके इंजिनाला फिरवतात आणि त्यात ऊर्जा जिरते. डिझेल इंजिनात नुसती ही पकड बेताची असते, म्हणून जड वाहनांना एक्झॉस्ट ब्रेक देतात. त्यात धूर बाहेर जाण्याची वाट अडवून इंजिनाला जास्त जोर करायला लावतात. ही उष्णता रेडिएटर आणि धुराड्यातून जाते, ब्रेकला झळ लागत नाही. विजेच्या नव्या रेल्वे इंजिनांनी तर याहून चांगले साधले आहे. घाट उतरताना त्यांच्या मोटारी जनित्राचे काम करतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. त्या हिशेबात जड गाडी म्हणजे फायदा, ती जास्त वीज परत देते.

आणि ब्रेक गेलेच तर? रेल्वेचा उपाय सुरुवातीला पाहिला, चढ. रस्त्यासाठी दुसराही एक उपाय आहे, बाजूला गोल गुळगुळीत बारीक खडीचा जाड थर. वाटेल की ट्रक थांबवायला तो फार किरकोळ आहे. पण या खडीत चाके रुततात आणि अडथळा हजार किलोमागे तब्बल २५० किलोंवर जातो, डांबरी रस्त्याच्या वीस पट. ताशी १००ने आलेला ट्रक अशा सपाट थरात साधारण १६० मीटरांत थांबतो. आणि हा अडथळाही वजनाच्या प्रमाणात असल्याने १० टनांचा ट्रक असो की ४० टनांचा, लांबी तीच पुरते. जिथे ब्रेक वजनापुढे हरतो तिथे खडी हरत नाही.

इतके समजल्यावर न्यूट्रलचा विषय सोडता येत नाही. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर कितीदा तरी भीषण अपघात झाले आहेत, आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका हे तिथे वारंवार सांगावे लागते. विसास एक उतारावर ताशी ४०ने जाणारा ट्रक न्यूट्रलमध्ये टाकला तर अर्ध्या किलोमीटरवर तो ८०ला पोचतो. वेग दुप्पट, म्हणजे थांबवताना घालवायची ऊर्जा चौपट. त्या वेगाला खालचा गिअर पुन्हा पडत नाही, सगळा भार ब्रेकवर. कुणी इंजिनच बंद करत असेल तर हवेचा पंप थांबतो, दोन-चारदा पॅडल मारले की टाकीतला दाब संपतो, स्टिअरिंगही जड होते.

हे सगळे कशासाठी, तर डिझेल वाचवण्यासाठी. ते वाचत नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर डिझेलचा फवारा पूर्ण बंद होतो, इंजिनाला चाके फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला फिरत ठेवण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. तेव्हा तुमची गाडी असो, भाड्याची असो किंवा तुम्ही नुसते मागे बसलेले असा, उताराला लागण्याआधी माथ्यावरच वेग कमी करायला आणि खालचा गिअर टाकायला सांगा.